काम कोणतं केलं, दादा?

सकाळी ६.००

आलापल्लीहून एटापल्लीचा रस्ता धरला की दोन्ही अंगांना सागाचं जंगल लागतं. हिवाळ्यात रस्त्याकडेच्या पानांवर लाल थर बसलेला असतो. सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज भरून ट्रक याच वाटेने बाहेर पडतात. खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला, काम २०१६ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खाणीवरची वाहनं जाळली. थांबलेलं काम २०२१ मध्ये पुन्हा उभं राहिलं. वर्षाला ३० लाख टन काढायची परवानगी २०२३ मध्ये १ कोटी टनांवर गेली. हा डोंगर ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत इलाक्यातली माडिया गोंडांची गावं तिथे यात्रेला जमतात, आणि त्याच गावांतली तरुण पोरं आता तिथे पाळीने कामाला जातात.

मी छातीरोगाची डॉक्टर. आजचं क्षयरोगाचं शिबिर खाणीच्या अलीकडच्या एका गावात आहे.

सकाळी ८.००

शाळेच्या एका वर्गात टेबल मांडलं. हातात धरायचं एक्स-रे यंत्र, थुंकीच्या डब्या, वजनकाटा. आशाताई माडियात विचारतात, मी मराठीत लिहिते. नाव, गाव, वय झालं की आमच्या कागदावर पहिला मोठा रकाना कामाचा आहे: कुठे केलं, कोणतं केलं, किती वर्षं, धूळ कसली होती, तोंडाला काय बांधत होता.

खोकला किती दिवसांचा हे माणूस पटकन सांगतो. तीस वर्षांपूर्वी कुठल्या कामावर होता हे आठवायला त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ मी देते. शेती, तेंदूपत्ता, तेलंगणातली मिरची तोडणी, रस्त्याची खडी, चंद्रपूरकडचा एखादा कारखाना आणि आता खाण. एकेका माणसाच्या छातीत इतक्या कामांची धूळ गेलेली असते.

सकाळी ९.३०

खाणीवर ड्रिलिंगच्या कामाला असलेला पंचविशीचा मुलगा समोर बसतो. “धाप नाही जी, पण सकाळी थुंकी लाल येते.” लाली धुळीची की रक्ताची, हे नुसतं बघून ठरवायचं नसतं. थुंकीचा नमुना घेतला, फोटो काढला.

मग त्याला फुरसतीने समजावलं. लोखंडाची धूळ फुप्फुसात साठली तर एक्स-रेवर ठिपके दिसतात. त्याला सिडरोसिस म्हणतात आणि एकट्या लोखंडाने सहसा फार इजा होत नाही. भीती त्या धुळीसोबत येणाऱ्या सिलिकाची आहे. हेमॅटाइट या लोहखनिजाच्या जोडीला पट्टेदार क्वार्टझाइट असतं, आणि क्वार्टझ म्हणजे सिलिकाच. कोरडं छिद्र पाडलं, सुरुंग उडाला, दगड भरडला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात. फुप्फुसाच्या तळाशी पोचलेले हे कण परत निघत नाहीत. सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. सिलिकाने दुबळं झालेलं फुप्फुस क्षयरोगाला लवकर बळी पडतं.

इलाज कामाच्या जागीच आहे. छिद्र पाण्यासकट पाडायचं, रस्ता आणि माल ओला ठेवायचा, यंत्राची केबिन बंद असली पाहिजे, मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा पाहिजे. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. १९५५ च्या खाण नियमांत कामावर घेताना आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे. “त्या तपासणीचा कागद माग,” मी म्हणते, “आणि घरी जपून ठेव.”

सकाळी ११.००

साठी ओलांडलेले एक दादा मुलाच्या आधाराने येतात. उजव्या छातीत काही महिन्यांपासून दुखतं, चार पावलं टाकली की दम लागतो, वजन उतरलंय. “छातीत पाणी झालं म्हणून टीबीच्या गोळ्या घेतल्या जी, सहा महिने. पाणी काढलं, पुन्हा भरलं.” उजवी बाजू बोटांनी ठोकली तर आवाज बद्द येतो.

मी कामाच्या रकान्याकडे वळते. शेती, जंगल... आणि मग त्यांना आठवतं, की तरुणपणी ते काही वर्षं एका वीजकेंद्रात ठेकेदाराकडे होते. बॉयलरच्या गरम पाइपांवर आवरण चढवायचं काम, लॅगिंग. “पांढरा कापसासारखा माल भिजवून थापत होतो. सुकला की झडे. अंगभर पांढरे होत होतो.”

बॉयलरच्या लॅगिंगमध्ये त्या काळी ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. आग आणि उष्णता सोसणारं हे तंतुमय खनिज. त्याचे अतिबारीक तंतू श्वासातून जाऊन फुप्फुसाच्या आवरणापर्यंत, प्लुरापर्यंत पोचतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षं दाह चालू राहतो, पेशींच्या जनुकांना इजा होते, आणि काही जणांच्या त्या आवरणात कर्करोग उभा राहतो. तो मेसोथेलिओमा. पोटाच्या आवरणातही तो होतो. तंतू आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात. बिडीने हा रोग होत नाही. मात्र ॲस्बेस्टॉसच्या जोडीला बिडी आली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो.

दादांना मी कर्करोग झाला असं सांगत नाही. आपल्याकडे छातीतल्या पाण्याचं मोठं कारण क्षयरोगच आहे आणि तो बराही होतो. त्यांना इतकंच सांगते, की गोळ्या पुऱ्या होऊनही पाणी भरतंय, तर दुसरं कारण शोधायला हवं. मुलाला जवळ बसवून पुढची वाट समजावते.

दुपारी १.००

जेवताना सोबतचा नवा डॉक्टर विचारतो, क्षयरोगाच्या शिबिरात कामाची एवढी चौकशी कशाला?

मी त्याला किंबर्लीची हकीकत सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या या गावी क्षयरोगाच्या रुग्णालयात डॉ. स्लेग्ज होते. प्लुरसीचे, म्हणजे प्लुराच्या दाहाचे, काही रुग्ण टीबीच्या औषधांना दाद देत नाहीत, आणि ते बहुतेक पश्चिमेच्या, निळ्या ॲस्बेस्टॉसच्या डोंगरांकडून येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी १९६० मध्ये मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांचा अभ्यास छापला. जवळजवळ सगळ्यांचा त्या खाणपट्ट्याशी संबंध निघाला. त्यांतले कित्येक कधी खाणीत उतरले नव्हते, लहानपणी फक्त त्या भागात राहिले होते. ॲस्बेस्टॉस आणि या कर्करोगाचा संबंध जगाला पटला तो टीबीच्या डॉक्टरने ‘तू कुठला?’ हे विचारलं म्हणून.

दुपारी २.३०

बायकांची रांग. चुलीचा धूर, खोकला, रक्त कमी. त्यांनाही कामाचा रकाना आहे, आणि एक प्रश्न जादा: कामावरचे कपडे कोण धुतं? ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. लाल धुळीचे कपडे घरात झटकू नका, आधी पाण्यात बुडवा, कामावरच आंघोळीची सोय मागा, असं सांगते.

एक बाई सिमेंटच्या पत्र्यांबद्दल विचारते. ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. पत्रा धड आहे तोवर धोका कमी, करवतीने कापला, फोडला, घासला की तंतू सुटतात. काढायचा झाला तर ओला करून, अख्खा उतरवावा. तुकडे अंगणात भर म्हणून टाकू नयेत, पोरांना त्यांच्याशी खेळू देऊ नये. साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे ते अजून आयात होतं आणि मुख्यतः पत्र्यांत जातं.

दुपारी ४.३०

दादांसाठी नागपूरला फोन. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून एका खेपेत सगळं बसवावं लागतं. आधी सीटी स्कॅन, ज्यात आवरणाची जाडी आणि गाठी दिसतील. काढलेल्या पाण्यात पेशी तपासतात, पण मेसोथेलिओमा असला तरी पाण्यातून तो अनेकदा हाती लागत नाही. दुर्बिणीने आवरण पाहून तुकडा घ्यावा लागतो, आणि कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारख्या खुणांच्या चाचण्यांवरून तो फुप्फुसाच्या कर्करोगापासून वेगळा ओळखतात. सोबतच्या चिठ्ठीत लॅगिंगचं काम मी ठळक लिहिते. ते वाचून तुकडा तपासणाऱ्याला काय शोधायचं ते कळतं.

निदान तेच निघालं, तर उपचार आहेत, पण मर्यादा मोठ्या आहेत. सिस्प्लॅटिनला पेमेट्रेक्सेडची जोड दिली तर मध्यम आयुर्मान ९.३ महिन्यांवरून १२.१ वर जातं, हे २००३ च्या चाचणीने दाखवलं. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्तीच्या औषधांनी पुढे ते १८.१ महिन्यांपर्यंत गेलं, पण ती बहुतेक घरांच्या ऐपतीबाहेरची आहेत. आवरण सोलून काढणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही, असं ब्रिटनमधल्या ‘मार्स २’ चाचणीत दिसलं. पाणी पुन्हा भरू नये म्हणून टाल्कने प्लुराच्या दोन पदरांना चिकटवतात, दुखणं आवरतात. माणसाला नीट श्वास घेता येणं, रात्री झोप लागणं, हाही उपचारच आहे.

संध्याकाळी ७.००

मुक्कामी येऊन दिवसभराचे कागद नोंदवहीत उतरवते. सूरजागडची खाण अजून तरुण आहे. तिथल्या धुळीने ज्यांना इजा होईल, त्यातले बरेच जण ती दिसेपर्यंत काम सोडून गावी परतलेले असतील. तेव्हा कागद नसेल तर साक्ष कोण देणार?

ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ ला सांगितलं, की ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवावी. मुंबईत डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका कारखान्यातले कामगार तपासले. २००५ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात पाचांतल्या एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे तंतूंनी फुप्फुस निबर होण्याचा रोग, निघाला. शोधलं, म्हणून सापडलं.

न्यायालयाने ॲस्बेस्टॉसला लावलेली ही शिस्त प्रत्येक धुळीच्या कामाला लागली पाहिजे, ठेकेदाराकडच्या मजुरालासुद्धा. त्याच्या हातात एक कार्ड असावं: कामाची जागा, वर्षं, धुळीचा प्रकार, पहिल्या दिवशीचा एक्स-रे आणि त्यानंतरचा प्रत्येक. एक प्रत मालकाकडे, एक आरोग्य केंद्रात, एक त्याच्या घरी. आणि आमच्यापैकी प्रत्येक डॉक्टरने दम लागलेल्या माणसाची छाती तपासण्याआधी विचारावं, काम कोणतं केलं, दादा? उत्तर मिळेपर्यंत थांबावं, आणि मिळालं की लिहून ठेवावं.