गाडीच्या खोलीत ऊब कशाची?

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे घर बांधताना थंडीचा विचार सहसा कोणी करत नाही. उन्हाळ्याचा करतात. कूलरची खिडकी नकाशातच ठरते. पौष-माघातल्या रात्री मात्र रजई आणि शेकोटीवर भागवायच्या. पण अलीकडे घरापुढची गाडीची खोली, म्हणजे वर टिन आणि पुढे लोखंडी शटर असलेलं गॅरेज, हीच पुष्कळ घरी पोरांच्या अभ्यासाची जागा झाली आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, तेव्हा खरा अभ्यास ऐन थंडीत. २९ डिसेंबर २०१८ ला शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे अनेकांना आठवत असेल. आमचा मुलगाही तिथेच बसतो, म्हणून हीटरचा विषय निघाला.

आईचं म्हणणं सरळ होतं : "कायले हीटर पाह्यजे बाबू? सिगडी ठेव ना."

सिगडी अंगणात उत्तम. शटर ओढलेल्या खोलीत मात्र ती जीवघेणी ठरू शकते. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नसला, निखारे छान लाल असले, तरी तो असतोच. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. रात्री अकराला पुस्तकावर पेंगणारं पोर पाहून आपण म्हणतो, दमला असेल बिचारा. अंगावर पांघरूण टाकतो आणि दार लोटून घेतो! गॅसचा हीटर किंवा बंद खोलीत सुरू ठेवलेली मोटरसायकल यांचीही हीच गोष्ट.

उरला विजेचा हीटर. दुकानात प्रत्येक जण आपला माल 'जास्त गरम' असल्याचं सांगतो. खरं म्हणजे कॉईल असो, ब्लोअर असो की ऑईलवाला, एका युनिटात मिळणारी उष्णता सारखीच. फरक पडतो तो ती कशी मिळते यात. कॉईल समोर बसणाऱ्याला लगेच शेकते, पण तार लालबुंद असते. ब्लोअर हवा लवकर तापवतो आणि टिनाखाली ती तितक्याच लवकर निवते. ऑईलवाला अर्धा तास घेतो, महागही पडतो, पण त्यात उघडी लाल तार नाही आणि लाईट गेली तरी काही वेळ कोमट राहतो. गरम हवा देणारा एसी एका युनिटात साधारण तिप्पट ऊब देतो खरा, पण टिनाच्या खोलीसाठी एवढा खर्च मला पटला नाही.

आम्ही १५०० वॅटचा ऑईलवाला घेतला. चार तास सलग चालला तर सहा युनिट. थर्मोस्टॅट मधेमधे बंद करतो, म्हणून प्रत्यक्षात कमी. त्याआधी दोन कामं केली. पहिलं, १६ अँपिअरचा प्लग आणि मीटरपासून वेगळी, अर्थिंगसह जाड वायर. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या पिनेवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावणं म्हणजे वायर जाळणं. दुसरं, शटरखालची फट रबरी पट्टीने बुजवली आणि टिनाखाली जिप्समचं छत घातलं. थर्मोकोल स्वस्त पडलं असतं, पण ते पेट घेतं. वरची लहान झडप मोकळ्या हवेसाठी उघडीच ठेवली.

आणि मोटरसायकल बाहेर काढली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. हीटर कोणताही घ्या, त्याच्या बटनाची एक ठिणगी पुरे. गाडी आता अंगणात ताडपत्रीखाली असते. सकाळी तिला चार किका जास्त माराव्या लागतात, तोवर आईची सिगडी शेजारी, पण चांगली दहा हात लांब, पेटलेली असते.