आधी पडदा, मग पुस्तक

आमची कन्या इंग्रजी साहित्य घेऊन एस. वाय. बी. ए.ला आहे. गेल्या पावसाळ्यात तिला जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी अभ्यासाला लागली. फोर्टच्या फूटपाथवरून आम्ही तिला एक जुनी प्रत आणून दिली. महिना झाला तरी पुस्तक कपाटावर ठेवले होते तसेच. विचारले तर म्हणाली, “पप्पा, मी सिनेमा पाहिलाय. स्टोरी सगळी माहीत आहे.”

सिनेमा म्हणजे २००५ सालचा, किरा नाइटलीचा. दोन तासांत पाच बहिणींपैकी तिघींची लग्ने लागून मोकळी. आम्ही कन्येला दोन शब्द सुनावणार होतो, पण मनात आले, आपण तरी हे पुस्तक कुठे वाचले आहे? आम्ही पडलो बी. कॉम. इंग्रजीशी आमचा संबंध ऑफिसच्या पत्रव्यवहारापुरता. तेव्हा न बोलता तिच्याशेजारी बसून आधी सिनेमा पाहिला आणि मग पुस्तक हाती घेतले. पुढच्या चार-पाच महिन्यांत अशी तीन पुस्तके झाली. त्याविषयी थोडे सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली गोष्ट ही की, आधी सिनेमा पाहून मग पुस्तक वाचण्यात लाज वाटण्याचे काही कारण नाही. कॉलेजातल्या विद्वानांना ते कमीपणाचे वाटते. पण ज्या घरात इंग्रजी पुस्तकाची ही पहिलीच पिढी, त्या घराला पडदा हा चांगला आधार आहे. १८१३ सालचे इंग्रजी सोपे नाही. एकेक वाक्य गोधडीसारखे पसरलेले. त्यात पुस्तकात मोठ्या बहिणीला नुसते ‘मिस बेनेट’ म्हणतात आणि धाकट्यांना नावानिशी, त्यामुळे कोण कोणाशी बोलते आहे हेच पहिली पन्नास पाने कळत नाही. सिनेमा पाहिलेला असला की नावाला चेहरा मिळतो. शब्द अडला तरी माणूस अडत नाही. दर शब्दाला डिक्शनरी उघडायची नाही, रोज दहा पाने वाचायची, एवढाच नियम आम्ही ठेवला.

तसे हे कथानक आपल्याकडे अगदीच परके नाही. १९८५ साली दूरदर्शनवर ‘तृष्णा’ नावाची मालिका होती, ती याच पुस्तकावरची. आमच्या थोरल्या बहिणीला ती आठवते, पण ते पुस्तक कोण्या इंग्रज बाईचे हे तिला आत्ता कळले.

दुसरी गोष्ट आम्हाला कारकून म्हणून दिसली. सिनेमात नाच, बगीचे, पाऊस आणि डोळे असतात. पुस्तकात पानोपानी आकडे असतात. डार्सीचे उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. बेनेट साहेबांचे २,०००. पण ती मिळकत पुरुष वारसाकडेच जाईल अशी बांधलेली. पाचही मुलीच, म्हणून बाप मेला की घर, शेत सगळे दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सचे. हा कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा तिच्या नावावर काय आहे तेही तिला तोंडावर ऐकवतो: चार टक्क्यांच्या रोख्यातले १,००० पौंड, आणि तेही आईच्या पश्चात. आम्ही पेन्सिलीने समासात हिशेब केला. वर्षाचे ४० पौंड. डार्सीच्या उत्पन्नाचा अडीचशेवा भाग. सिनेमा पाहताना आम्ही या मुलीच्या बाणेदारपणावर खूश होतो. हिशेब केल्यावर कळले की असल्या मागणीला ‘नाही’ म्हणायला किती छाती लागली असेल.

आणि तिची आई! पडद्यावर ती नेहमी हसण्यासारखी. सारखी ओरडणारी, लग्नाच्या मागे लागलेली. पुस्तकातही लेखिका तिला हसतेच. पण आम्हाला वाटते, त्या घरात उद्याची चिंता करणारी तीच एकटी होती. बाप पुस्तकांच्या खोलीत दार लावून बसलेला. अशा आया आपण वस्तीत पाहिल्या आहेत, त्यांना हसणे जिवावर येते. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट २७ वर्षांची, ती मुकाट्याने त्याच कॉलिन्सशी लग्न करते. का, तर डोक्यावर छप्पर पाहिजे. कन्येला सिनेमात शार्लट लक्षातही राहिली नव्हती. पुस्तक वाचल्यावर तिच्यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद झाला.

खुद्द जेन ऑस्टेनने या पुस्तकाचे हक्क प्रकाशकाला ११० पौंडांना विकले. तिने १५० मागितले होते. मुखपृष्ठावर तिचे नाव नव्हते.

एक गंमत सांगतो. १९९५ साली बी. बी. सी.ने या कादंबरीवर सहा भागांची मालिका केली. त्यात डार्सी तळ्यात उडी मारून ओलेत्या सदऱ्याने एलिझाबेथसमोर येतो. जगभर गाजलेला प्रसंग. कन्या तो पुस्तकात शोधत बसली. पुस्तकात तळ्यातली उडी नाही की ओला सदरा नाही. दोघे अचानक समोरासमोर येतात आणि दोघांचेही चेहरे लाल होतात, बस्स.

पडदा कधी पदरचे घालतो, तसे कधी कापतोही. त्याचा मोठा दाखला ‘वुदरिंग हाइट्स’. एमिली ब्राँटेची ही एकुलती एक कादंबरी, १८४७ सालची, तीही पुरुषी वाटेल अशा टोपणनावाने छापलेली. आपल्याकडे दिलीपकुमार-वहिदा रेहमानचा ‘दिल दिया दर्द लिया’ १९६६ साली आला, तो याच गोष्टीवर बेतलेला. मूळ गोष्टीत लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेले एक काळेसावळे, बेवारस पोर एका शेतकऱ्याच्या घरात येते. ते कुठले, कोणाचे, कोणालाच ठाऊक नाही. शेजारचे जमीनदार तर म्हणतात, हा ‘लास्कर’ असेल. म्हणजे हिंदुस्थानातल्या खलाशाचे पोर. त्याचे नाव हीथक्लिफ. घरातली मुलगी कॅथरिन त्याच्यावर जीव टाकते, पण त्याच्याशी लग्न केले तर आपली पायरी उतरेल असे बोलून जाते. ते वाक्य आडून ऐकून तो घर सोडतो. हे वाक्य कोणत्या भाषेत आणि कोणत्या गावात बोलले जात नाही?

१९३९ सालच्या प्रसिद्ध हॉलिवूडपटात हा सावळा हीथक्लिफ झाला गोरापान लॉरेन्स ऑलिव्हिए. आणि कॅथरिन झाली मर्ल ओबेरॉन. ही बाई १९११ साली आपल्या मुंबईत जन्मलेली, कलकत्त्यात वाढलेली, मिश्र रक्ताची. तिने हे जन्मभर लपवले. टास्मानियात जन्मले असे ती सांगे. तिला वाढवणाऱ्या सावळ्या बाईला ती लोकांपुढे मोलकरीण म्हणवी, असे तिचे चरित्र सांगते. १९७९ साली ती वारली आणि खरी हकीकत त्यानंतर बाहेर आली. म्हणजे पडद्यावर जो काळा म्हणून हिणवला जातो तो गोरा आणि जी गोरी म्हणून मिरवते तीच जात चोरून राहिलेली! आडनाव बदलून, गाव चोरून राहणारी माणसे आम्ही ऑफिसात पाहिली आहेत. त्यांच्यावर राग येत असे. हे वाचल्यावर राग थोडा कमी झाला, एवढे कबूल केले पाहिजे. (२०११ साली अँड्रिया आर्नल्ड या दिग्दर्शिकेने हीथक्लिफच्या भूमिकेसाठी कृष्णवर्णीय नट घेतला. त्याला बहात्तर वर्षे जावी लागली.)

पण आम्हाला सांगायचे आहे ते पुढचेच. तो १९३९चा चित्रपट कॅथरिनच्या मरणानंतर लवकरच संपतो. पुस्तक तिथे जेमतेम अर्धे होते. उरलेल्या अर्ध्यात पुढची पिढी आहे. हीथक्लिफ श्रीमंत होऊन परत येतो, ज्या घरात त्याला नोकरासारखे वागवले ते घर गिळतो आणि त्या घराच्या खऱ्या वारसाला, हेअर्टन नावाच्या मुलाला, मुद्दाम निरक्षर ठेवतो. मारहाणीपेक्षा, उपासमारीपेक्षा मोठा सूड कोणता, तर अक्षर शिकू द्यायचे नाही. त्या घराच्या दारावर एक नाव कोरलेले आहे: हेअर्टन अर्नशॉ. त्या पोराचेच नाव, त्याच्या पूर्वजाचे. आणि रोज त्या दाराखालून जाणाऱ्या पोराला ते वाचता येत नाही!

कॅथरिनची मुलगी, तीही कॅथरिनच, आधी त्याला हसते. तो लपून अक्षरे गिरवतो तर त्याची टिंगल करते. तो चिडून पुस्तके आगीत टाकतो. मग तिलाच लाज वाटते. ती एक पुस्तक कागदात बांधून त्याला भेट देते आणि जवळ बसून शिकवते. कादंबरीतले खरे जुळलेले प्रेम हे, वाचनाच्या धड्यातून झालेले. आमच्या वाचनालयात रविवारी दुपारी दहा-बारा पोरे-पोरी जमतात, त्यांना आम्ही ही गोष्ट मराठीत सांगितली. दारावरच्या नावापाशी आलो तेव्हा कोणी चुळबूळ केली नाही. एका मुलाने तेवढे विचारले, “सर, हे सिनेमातून का काढलं?” आम्हाला उत्तर देता आले नाही.

तिसरे पुस्तक घरात शिरले ते आईमुळे. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’. १८५४ साली डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः सुरू झालेली. बाई मँचेस्टरला राहणाऱ्या, एका धर्मोपदेशकाची पत्नी. गिरणगाव त्यांनी जवळून पाहिलेले. योगायोग असा की, त्याच १८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ला ताडदेवला तिचे काम सुरू झाले. तिथल्या गोष्टीतली यंत्रे आणि आपल्याकडच्या गिरण्यांतली यंत्रे एकाच मुलखातली.

बी. बी. सी.ने २००४ साली यावर चार भागांची मालिका केली आहे. कन्या ती पाहात होती. नायिका मार्गारेट प्रथमच गिरणीत येऊन दार उघडते आणि समोर सगळा कापूस हवेत उडतो आहे, बर्फ पडावा तसा. दिसायला फार सुंदर. आई भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. “आसंच यायचे ते,” म्हणाली. “डोक्यावर म्हातारपण घिऊन.” आमचे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. आई सोळा वर्षे डबा घेऊन गेली, पण गेटपर्यंतच. आत काय असते ते तिने या मालिकेत पहिल्यांदा पाहिले. १८ जानेवारी १९८२ला संप झाला तेव्हा आम्ही चार वर्षांचे होतो. गिरणी त्यानंतर वडिलांना परत मिळाली नाही, खोकला मात्र राहिला. डॉक्टरांनी टी. बी.ची औषधे दीड वर्ष दिली. १९९३ साली ते गेले.

मालिका संपते रेल्वे स्टेशनवर. गाड्या उभ्या, नायक-नायिका बाकावर, आणि चुंबन. आमच्या कन्येने तो शेवट तीनदा पाहिला. पुस्तकात स्टेशन नाही. लंडनच्या एका घरात बसून, गिरणी बुडालेल्या थॉर्नटनला मार्गारेट सांगते की, माझे १८,०५७ पौंड बँकेत नुसते पडून आहेत, अडीच टक्के व्याज मिळते. तुम्ही घ्या, जास्त द्या आणि गिरणी चालवा. मालिकेतही पैशाचे बोलणे आहे, पण त्या चुंबनापुढे कोणाच्या लक्षात राहते? आम्हाला पुस्तकाचाच शेवट आवडला. व्याजाच्या दरात प्रेम सांगणारी नायिका बी. कॉम. झालेल्या माणसाला दुसरी कुठे भेटणार?

पण आईला त्या दोघांचे काही नव्हते. तिला बेसीचे ऐकायचे होते. बेसी हिगिन्स, गिरणी कामगाराची मुलगी, वय एकोणीस, छातीत कापूस भरून अंथरुणाला खिळलेली. तेव्हा एका रात्री जेवणे झाल्यावर तेरावे प्रकरण काढले. आम्ही इंग्रजी वाचत होतो आणि कन्या आजीला मराठीत सांगत होती. बेसी मार्गारेटला सांगते की, काही मालक कार्डिंगच्या खोलीत एका टोकाला मोठे चाक बसवतात, ते हवा ओढते आणि उडणारा कापूस घेऊन जाते. पण चाकाला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून फार थोडे मालक ते बसवतात. आणि काही कामगारांनाही ते नको असते. कारण कापूस गिळायची सवय सुटली की भूक जास्त लागते, मग मजुरी वाढवून हवी.

आई म्हणाली, “म्हंजे पंखा.”

“हो आजी, मोठा पंखा.”

“मग तिच्या गिरणीत लावला का त्यांनी?”

कन्येने आमच्याकडे पाहिले. आम्ही पुढचे वाक्य वाचून ठेवलेलेच होते. “नाही आई, तिच्या गिरणीत नव्हता.”

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वाच पुढं.”