जम्बूबीज : प्रयोगशाळेत आणि चिकित्सालयात

ज्येष्ठात बदलापूर, कल्याण, ठाणे स्थानकांबाहेर जांभळांच्या पाट्या दिसू लागल्या की आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो : ‘वैद्यराज, बियांचे चूर्ण सुरू केले आहे, आता गोळ्या बंद करू ना?’ डोंबिवलीच्या एका मधुमेही गृहस्थांनी गतवर्षी न विचारताच गोळ्या सोडल्या आणि पायाची जखम चिघळल्यावर ते आमच्याकडे आले. या फळात नेमके काय आहे, हे वैद्यवर्गाने पाहणे म्हणूनच अगत्याचे वाटते.

जांभळाचा गर व बी ही रसायनदृष्ट्या दोन भिन्न द्रव्येच होत. गराचा रंग डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन व माल्विडिन या अँथोसायनिनांमुळे येतो. जीभ रंगते ती त्यांनीच. गरात ग्लुकोज व फ्रुक्टोजही असते, हे पाटीभर जांभळे खाणारा मधुमेही विसरतो. बियांत गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल व त्यांपासून बनलेली टॅनिने प्रमुख. बीजक्वाथात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकताच निळा-काळा रंग येतो, तो या टॅनिनांचा. आणि जिभेला जाणवणारा कषाय रसही त्यांचाच.

जुन्या पुस्तकांत सारे श्रेय ‘जांबोलिन’ नामक ग्लुकोसाइडास दिलेले आढळते. अलीकडील पृथक्करणांचा भर पॉलिफेनॉलांवर आहे. परीक्षानलिकेत बीजसत्त्व अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला अडविते. परंतु परीक्षानलिका म्हणजे रुग्ण नव्हे. ब्राझीलमधील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जांभळाच्या पानांच्या चहाने रक्तशर्करा उतरली नाही, ग्लायबुराइडने उतरली. तेथे पाने वापरली होती, बी नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण मग बियांविषयी पुरावा देण्याचे काम आपल्याकडे येते.

चरकाचार्यांनी मूत्रसंग्रहणीय गणाचा आरंभ जम्बूने केला, हे आपण रुग्णांस आवर्जून सांगतो. त्याच सूत्रस्थानात वातजनन द्रव्यांत जांभूळ अग्र्य म्हटले आहे, ते सांगावयाचे राहून जाते. शिवाय हे फळ पिकते ते ग्रीष्मात साचलेला वात प्रकोपाकडे झुकत असतानाच! कृश, जीर्ण, पायांत मुंग्या येणाऱ्या मधुमेह्यास असले रूक्ष चूर्ण महिनोन्‌महिने देणे आम्हांस उचित वाटत नाही. स्थूल, कफप्रधान रुग्णास आम्ही ते देतो, मात्र गोळ्या चालू ठेवून व रक्तशर्करा वरचेवर तपासून. दोन्हींमुळे शर्करा फार खाली गेल्यास काय करावे, हेही सांगून ठेवतो.

त्या गृहस्थांची जखम भरावयास चार महिने लागले. गोळ्या चालू आहेत, चूर्ण आम्ही बंद केले.