टेबलावरचं रणांगण आणि ते रंगवणारे हात

ग्लासगो विद्यापीठात जून २०१९मध्ये वॉटर्लूची लढाई पुन्हा खेळली गेली. टेबलांवर साधारण २८ मिलिमीटर उंचीचे वीस हजारांहून जास्त शिपाई उभे होते आणि त्यांचे कोट, पट्टे, बंदुका हातानं रंगवलेल्या होत्या. वॉटर्लूच्या रणभूमीवर माजी सैनिकांना सोबत घेऊन उत्खनन करणाऱ्या ‘वॉटर्लू अनकव्हर्ड’ या संस्थेसाठी निधी उभारणं, हा त्यामागचा हेतू. एकट्या माणसानं रोज एक या हिशेबानं एवढे शिपाई रंगवायला घेतले, तर पंचावन्न वर्षं जातील. अनेक हौशी मंडळींनी तुकड्या वाटून घेतल्या, म्हणूनच ते जमलं. वॉरगेमिंगमधली, म्हणजे टेबलावरच्या अशा युद्धखेळातली, लढाई बहुधा एका संध्याकाळी आटोपते. रंगकाम मात्र महिनोन्‌महिने चालतं, आणि सोबत असेल तरच सहसा तडीला जातं.

खेळ कुठून आला

साधारण सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, मोजपट्टी, फासे आणि नियमांचं पुस्तक एवढ्यावर हा खेळ चालतो. बुद्धिबळासारखी घरं इथे नसतात. पायदळ किती इंच सरकेल, तोफ कुठवर मारा करेल, हे पट्टीनं मोजायचं. प्रशियाच्या सैन्यात १८२४च्या सुमारास नकाशावरचा असाच खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आला. त्याला दिवाणखान्यात आणलं ते लेखक एच. जी. वेल्स यांनी. १९१३च्या ‘लिटल वॉर्स’ या त्यांच्या पुस्तकात शिशाचे शिपाई आहेत आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून खरोखर उडणारे लाकडी गोळे आहेत. पुढे १९६२मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन या इंग्रज फिजिओथेरपिस्टचं ‘वॉर गेम्स’ आलं आणि विखुरलेले हौशी खेळाडू एकमेकांना सापडू लागले.

आज या छंदाची राजधानी म्हणावी असं शहर म्हणजे इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. ‘वॉरहॅमर’ (१९८३) काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथे आहे, आणि तिथून बाहेर पडलेल्या शिल्पकारांनी आसपास इतक्या छोट्या कंपन्या काढल्या, की त्या टापूला गमतीनं ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात.

अस्तर, हात आणि वॉश

शिपाई प्लॅस्टिकचा, धातूचा किंवा रेझिनचा असतो. आधी साच्याची उरलेली रेघ पात्यानं खरवडायची, धातू किंवा रेझिन असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग अस्तर. अस्तराशिवाय अ‍ॅक्रिलिक रंग धरत नाही. खेळताना बोट लागलं की निघतो. काळं अस्तर दिलं तर खाचांत सावली आयतीच राहते, पांढऱ्यावर लाल-पिवळे रंग खुलतात. काही जण काळ्या अस्तरावर फक्त वरच्या बाजूनं पांढरा फवारा मारतात. ऊन माथ्यावर असताना उजेड कुठे पडेल, ते त्यामुळे आधीच दिसतं.

मग मूळ रंगाचे दोन पातळ हात. घाईनं एकच जाड हात दिला की नाक-डोळे बुजतात आणि शिपाई मेणासारखा वितळलेला दिसतो. त्यावर वॉश द्यायचा, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग. तो घड्यांमध्ये आणि खाचांमध्ये उतरून बसतो. शेवटी ड्रायब्रश: ब्रशला फिका रंग घेऊन तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलके फिरवायचा. चिलखत, केसाळ कातडी, खडक यांना हे फार शोभतं. गुळगुळीत कापडावर मात्र खडूसारखे ओरखडे उठतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर इतक्या लहान आकाराच्या अंगावर खोलीतल्या उजेडात पुरेशी सावली पडतच नाही. म्हणून सावली आणि चकाकी दोन्ही रंगानं, थोड्या अतिशयोक्तीनं दाखवावी लागतात. गेम्स वर्कशॉपच्या ‘सिटाडेल’ या रंगमालिकेतल्या २०१९च्या ‘कॉन्ट्रास्ट’ रंगांनी ही दोन्ही कामं एका हातात आणली. बारीक काम करणाऱ्याला त्याचं अप्रूप नसेल, पण दोनशे शिपाई समोर असलेल्याला ती मोठीच सोय आहे.

शिपाई एकेक रंगवत बसू नये. दहा जणांना पट्टीवर चिकटवायचं. आधी दहांचे कोट, मग दहांचे पट्टे, मग दहांच्या बंदुका. काम कंटाळवाणं होतं, पण पुढे सरकतं. आणि शेवटी सगळ्यांच्या पायाखालचा बेस एकसारखा करायचा: त्याच मातीचा रंग, तीच वाळू, तेच गवत. माझ्या मते सैन्य ‘एक’ दिसतं ते बेसमुळे. वेगवेगळ्या हातांनी रंगवलेल्या तुकड्या जोडायच्या असतील, तर सर्वांत आधी यावरच एकमत करावं.

डोंगर, नदी, गाव

दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडलेल्या मराठी वाचकाला हा भाग वेगळा समजावायला नको. फरक एवढाच, की इथे टेकडी सुटी असते. आज इथे, पुढच्या खेळात तिथे. त्यासाठी इन्सुलेशनचा घट्ट फोम कापतात, त्यावर फेविकॉलसारखा पांढरा डिंक फासून वाळू भुरभुरवतात, गडद तपकिरी रंग देतात आणि मग फिक्या रंगाचा ड्रायब्रश. नदीसाठी तळ रंगवून वर चकचकीत व्हार्निशचे थर देतात. एक सावधगिरी: डब्यातला साधा स्प्रे रंग थेट थर्माकोलवर मारला, तर त्यातलं द्रावण थर्माकोल खाऊन टाकतं. आधी डिंक आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा जाड लेप हवा.

देखावा केवळ शोभेचा नसतो. आपल्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) वॉरगेम खेळणारे आवडीनं मांडतात. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावं आहेत, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा अंदाज बांधून ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीनं केळणा नदी ओलांडली आणि केळणा व जुई यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. टेबलावर त्या दोन नद्या नीट नसतील, तर ती लढाई असईची राहतच नाही.

या बाबतीत सगळ्यांचा गुरू म्हणावा असा माणूस म्हणजे विल्यम सायबॉर्न. वॉटर्लूची प्रतिकृती करण्यासाठी हा ब्रिटिश अधिकारी तिथल्या ला हे सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला. शेतांत लढाईच्या दिवशी कोणतं पीक उभं होतं, हेही त्यानं लढाईतल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं. सत्तर हजारांहून अधिक इवले शिपाई असलेली ती प्रतिकृती १८३८मध्ये लोकांसमोर आली. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

एकट्याचं काम, चारचौघांचा धाक

ब्रश एकाच हातात मावतो, तरी क्लबच्या खोलीत लोक एकत्र बसून रंगवतात. त्यात उसनवारी चालते: कुणाकडे एअरब्रश, कुणाकडे थ्रीडी प्रिंटर, कुणाकडे लष्करी गणवेशांची पुस्तकं. ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात ‘टेल ऑफ फोर गेमर्स’ ही लेखमाला गाजली. चार खेळाडूंनी दरमहा ठरलेल्या पैशांत सैन्य वाढवायचं आणि रंगवून दाखवायचं. अनेक गटांनी ती कल्पना उचलली, कारण तारीख ठरली आणि चारचौघं विचारणार हे कळलं, की हात चालतो. नाहीतर कपाटात न रंगवलेल्या करड्या प्लॅस्टिकचा ढीग साचत जातो. तो नसलेला खेळाडू विरळाच.

‘साउथ लंडन वॉरलॉर्ड्स’ हा क्लब १९७२पासून लंडनमध्ये ‘सॅल्यूट’ हा मेळा भरवतो. तिथे क्लब आपापली टेबलं मांडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना खेळात ओढतात. रंगकामाच्या स्पर्धाही होतात, गेम्स वर्कशॉपची ‘गोल्डन डेमन’ ही त्यातली नावाजलेली. पण स्पर्धेचा मापदंड क्लबात आणू नये. न रंगवलेलं सैन्य घेऊन येणाऱ्याला खेळायला न घेणारे गटही असतात. हा नियम मला आडमुठेपणाचा वाटतो, कारण नवखा माणूस तिथूनच परत फिरतो. त्यापेक्षा त्याच्या हातात ब्रश द्यावा.

सुरुवात करायची असेल तर

आख्खं सैन्य विकत घेऊ नका, ते महागही पडतं. दहा शिपाई, सहा-सात अ‍ॅक्रिलिक रंग, टोकदार राहणारा एक बरा ब्रश आणि ड्रायब्रशसाठी एक जुना, एवढं पुरे. जुने शिशाचे शिपाई हाताळले तर हात धुवा. रेझिन प्रिंट करायचं झालं तर हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. एखाद्या मित्राला सोबत घ्या आणि खेळायची तारीख आधीच ठरवा. शिपाई हातभर अंतरावरून बघायचे असतात, तेव्हा पहिल्या दहांचे डोळे रंगवायच्या भानगडीत पडू नका.