बिनकागदाचं लग्न

सात वर्षं एका छपराखाली काढली की जोडपं कायद्याने नवरा-बायको होतं, असा समज अमेरिकेत घट्ट रुजलेला आहे. एकाही राज्यात असा नियम नाही. ‘कॉमन लॉ मॅरेज’ मानणारी राज्यं वर्षं मोजत नाहीत. दोघांनी स्वतःला पती-पत्नी मानलं का, एकत्र नांदले का आणि चारचौघांत तसेच वावरले का, एवढं ती पाहतात. परवाना नाही, विधी नाही. तरीही हे लग्न दुय्यम नसतं. ते मोडायला रीतसर घटस्फोटच लागतो.

इंग्लंडने 1753 च्या कायद्याने अशा लग्नांना चाप लावला, पण तो कायदा अमेरिकेतल्या वसाहतींना लागू नव्हता. 1809 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ‘फेंटन विरुद्ध रीड’ खटल्यात विधवा म्हणून हक्क मागणाऱ्या एका बाईची बाजू उचलून धरली. विरळ वस्तीच्या मुलखात पाद्री आणि कचेरी दोन्ही लांब. लग्न अमान्य केलं, तर मुलं अनौरस ठरत आणि विधवा उघड्यावर पडे. 1877 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की राज्याच्या कायद्याने स्पष्टपणे रद्द ठरवलं नसेल, तर असं लग्न वैध.

मग रस्ते आले, कचेऱ्या आल्या आणि राज्यांनी दारं लावून घेतली: कॅलिफोर्नियाने 1895 मध्ये, न्यूयॉर्कने 1933 मध्ये, पेनसिल्व्हेनियाने 2005 मध्ये, अलाबामाने 2017 मध्ये. साउथ कॅरोलायनात 2019 मध्ये न्यायालयानेच ही प्रथा थांबवली. आधी जुळलेली लग्नं मात्र कायम ठेवली. आज टेक्सस, कोलोराडो, आयोवा, कॅन्सस, मॉन्टाना, ऱ्होड आयलंड, युटा आणि राजधानी वॉशिंग्टन इथे ती चालते. ओक्लाहोमात न्यायालयीन निकालांच्या आधाराने. न्यू हॅम्पशायरची तऱ्हा निराळी. तिथे जोडीदाराच्या मृत्यूपर्यंतची तीन वर्षं पती-पत्नीसारखी काढलेली असली, तर मागे राहिलेल्याला वारसा मिळतो.

टेक्ससमध्ये जुळलेलं असं लग्न कॅलिफोर्नियात गेल्यावरही टिकतं. उलट जन्मभर कॅलिफोर्नियातच एकत्र राहिलेल्यांना, 1976 च्या ‘मार्विन’ निकालानुसार, फार तर आपसांतल्या कराराच्या आधारे हिस्सा मागता येतो.

खरी अडचण पुराव्याची. वाद उभा राहतो तेव्हा एकजण वारलेला असतो किंवा लग्नच नाकारत असतो. एकत्र खातं, एक आडनाव या जुन्या खुणाही आता पुरत नाहीत. विवाहितही वेगळी खाती ठेवतात आणि अविवाहित मिळून घर घेतात, हे कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ओळखलं आणि आपली कसोटी बदलली. परवाना मिळणंच अशक्य होतं त्या काळातल्या समलिंगी जोडप्यांनाही त्याने हे दार उघडं ठेवलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ‘वेलुसामी’ खटल्यात याच संकल्पनेचा आधार घेतला. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं ‘विवाहसदृश नातं’ कशाला म्हणायचं, हा तिथला प्रश्न होता. पण त्यातून संरक्षण मिळतं, पत्नीचा दर्जा नाही.

अमेरिकेतली ही प्रथा सरसकट मोडली, तर फटका बहुधा ज्याच्या नावावर काही नाही त्यालाच बसतो. टेक्ससमध्ये असं जोडपं हयातीतच काउंटी क्लार्ककडे लग्नाची घोषणा नोंदवू शकतं. वेगळं झाल्यावर दोन वर्षांत दावा केला नाही, तर लग्न ठरलंच नव्हतं असं कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढायचा भार दावा करणाऱ्यावर. युटात अर्जाची मुदत नातं संपल्यापासून जेमतेम एक वर्ष. म्हणजे बिनकागदाच्या लग्नालाही कागद लागतोच, आणि तो दोघांचं पटत असतानाच करून ठेवणं शहाणपणाचं.