परजिल्ह्यातला जामीनदार : कारागृहसुधारणेची एक दुर्लक्षित बाजू

कारागृहसुधारणेचा विषय निघाला की चर्चा बहुधा भिंतीच्या आत जाते. बराकीतली दाटी, जेवणाचा दर्जा, औषधोपचार, मुलाखतीची खिडकी. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, परंतु दाटी मुळात का होते हे समजून घ्यायचे तर कारागृहाच्या फाटकापेक्षा न्यायालयाच्या नाझराचे टेबल अधिक उपयोगी पडते. प्रस्तुत लेखात बालाघाटसारख्या सीमावर्ती जिल्ह्याच्या संदर्भात या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि प्रत्यक्षात ५,७३,२२० बंदी होते. यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांना लोक 'कच्चे कैदी' म्हणतात ते. हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. देशातल्या सगळ्या कारागृहांची जागा जवळजवळ पूर्णपणे अशा माणसांनी व्यापली आहे, ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा आहे. शिक्षा झालेल्यांनाच ठेवायचे असते तर निम्म्याहून जास्त बराकी रिकाम्या राहिल्या असत्या. मध्य प्रदेशात त्या वर्षी बंद्यांची संख्या क्षमतेच्या दीडपटीहून अधिक होती. नव्या बराकी बांधणे हा यावरचा सरकारी उपाय. तो खर्चिक आहे आणि मूळ कारणाला हातही लावत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांच्या मनात तुरुंगाचे चित्र वेगळेच असते. अहमदनगरच्या किल्ल्यातील मौलाना आझादांचा 'गुबारे खातिर', विनोबांची धुळ्याच्या तुरुंगातली गीताप्रवचने आणि पुढे बालाघाटच्या शेजारी सिवनीच्या तुरुंगातली स्थितप्रज्ञावरील व्याख्याने. हसरत मोहानींना तर तुरुंगात चक्की पिसावी लागली, तरी त्यांची शायरी चालूच राहिली. या मंडळींना आपण कशासाठी आत आहोत हे नीट ठाऊक होते. आजच्या कच्च्या कैद्यांत असे अनेक सापडतात, ज्यांना आपल्यावर कोणते कलम लागले आहे तेही सांगता येत नाही. देशातील निम्म्याहून अधिक बंद्यांचे शिक्षण दहावीच्या आतले आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

आता जामिनाची रीत पाहू. न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे माणूस सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मंजुरी हा पहिला टप्पा. त्यानंतर ठरलेल्या रकमेचा जामीनदार उभा करावा लागतो. त्याच्याजवळ मालमत्तेचा पुरावा हवा, काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. मध्य प्रदेशात शेतकरी जामीनदार आपली ऋण पुस्तिका घेऊन येतो, महाराष्ट्रात सातबारा चालतो. बालाघाटची अडचण नेमकी येथे सुरू होते. या जिल्ह्यातल्या मराठी आणि पोवारी बोलणाऱ्या कुटुंबांचे अर्धे गणगोत गोंदिया-भंडाऱ्याकडे असते. सोयरीक तिकडची आणि मजुरीसाठी जाणेही बरेचदा तिकडेच. १९५६ पर्यंत बालाघाट व भंडारा (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते) एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचना झाली आणि बालाघाटचे खटले जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे गेले. नातीगोती मात्र जिथल्या तिथेच राहिली. आरोपीचा सख्खा भाऊ आमगावहून सातबारा घेऊन आला आणि 'स्थानिक जामीनदार आणा' असे उत्तर मिळाले, तर तो काय करणार? मग न्यायालयाच्या आवारात हिंडणारे भाड्याचे जामीनदार गाठले जातात, किंवा आरोपी आतच राहतो. गरिबाच्या बाबतीत बहुधा दुसरेच घडते.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल मध्य प्रदेशातल्याच खटल्यातून आला आहे. १९७८ सालचा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा तो खटला. मोतीराम हा गवंडीकाम करणारा गरीब माणूस. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता, परंतु तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याच्या कारणावरून त्याला नाकारण्यात आले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचे ठरवले आणि मोतीरामला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. एका प्रांताचा माणूस दुसऱ्या प्रांतात पकडला गेला तर तेथे जमीनजुमला असलेला जामीनदार त्याने आणायचा कोठून, आणि दुसऱ्या भाषेतला अर्ज चालणार नाही असे कोणता कायदा सांगतो, हे त्यांचे प्रश्न होते. निकालपत्र लहानसे आहे. विधी शाखेबाहेरच्या वर्गातही ते वाचून दाखवण्यासारखे आहे.

इतके स्पष्ट सांगूनही रीत बदलली नाही, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्याच पुढच्या आदेशांत मिळतो. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात जामिनाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला द्यावी, सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे सांगितले आहे. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याने अशा प्रकरणांत ती अट घालू नये, अशी सूचनाही त्यात आहे. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी तोच धडा पुन्हा.

कायद्यात आणखी काही दारे उघडली आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला मुचलक्यावर सोडायचे आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना हे लागू नाही. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे, ही यातली सर्वांत चांगली गोष्ट. जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये आणलेल्या योजनेत सुरुवातीला न्यायाधीन बंद्याला ४० हजार रुपयांपर्यंत आणि दंडासाठी शिक्षा झालेल्या बंद्याला २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मुस्लिम समाजाचा या प्रश्नाशी संबंध थेट आहे. बंद्यांमधील मुस्लिमांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा अधिक आहे. दलित आणि आदिवासींचेही तसेच. महाराष्ट्र राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ च्या सुमारास केलेल्या अभ्यासात, राज्याच्या कारागृहांतील बहुतेक मुस्लिम बंद्यांचा संघटित गुन्हेगारीशी संबंध नसल्याचे आढळले होते. वृत्तपत्रे वाचून होणारा ग्रह आणि हा निष्कर्ष यांत पुष्कळ अंतर आहे. भिंतीच्या आतही सर्वांना सारखी वागणूक नव्हती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीनुसार कामे वाटणारे कारागृह नियम घटनाबाह्य ठरवले. त्या नियमपुस्तकांत मध्य प्रदेशचेही होते.

महाविद्यालयीन शिक्षकांना यात करण्यासारखे काम आहे आणि ते अवघड नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत विधी स्वयंसेवक म्हणून शिक्षकांची, निवृत्त शिक्षकांचीही, निवड होऊ शकते. सीमावर्ती जिल्ह्यात त्यांचा एक विशेष उपयोग आहे. दोषारोपपत्र हिंदीत असते, त्यातले शब्द मात्र मुचलका, फरियादी, तामील, रोजनामचा असे उर्दूतून आलेले. लांजी-किरनापूरकडच्या मराठी मजुराला यातले 'मुचलका' आणि 'फिर्यादी' ओळखीचे वाटतील, बाकीचे अडतील. गोंड किंवा बैगा आरोपीला तर सगळेच परके. हा कागद समोर बसून वाचून दाखवायचा, अटकेची तारीख आणि कलम टिपून घ्यायचे, एक तृतीयांश काळ केव्हा पुरा होतो ते मोजायचे. जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटले असतील आणि भाऊ गोंदियाचा म्हणून अडले असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहावा. त्यात २०२३ च्या आदेशाची तारीख घालावी आणि भावाच्या सातबाऱ्याची प्रत जोडावी.