शक्ती वाढविलेले डिझेल इंजिन आणि त्याचे वंगण तेल

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडील हापूसच्या पेट्या घेऊन अनेक जीपगाड्या व लहान मालवाहू गाड्या आंबा घाटाने कोल्हापूरच्या पेठेकडे जातात. साखरपा सोडले की चढण सुरू होते. गाडी शिगोशीग भरलेली, वर ऊन, आणि ओढ कमी पडते आहे असे मालकास सारखे वाटत राहते. मग ओळखीचा मिस्त्री सांगतो, "तात्या, पंपाचे डिझेल थोडे वाढवून देतो, गाडी घाट सहज चढेल." डिझेल वाढते, ओढही वाढते, फक्त गाडीमागे काळ्या धुराचा लोट निघू लागतो. चेंबरमधील तेल मात्र पूर्वीचेच राहते. अशा गाडीचे बेअरिंग एखाद्या हंगामात घाटातच धरले, तर इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि रस्त्याच्या कडेला पिकत बसलेल्या मालाचे नुकसान वेगळे.

काळा धूर म्हणजे पुरते न जळलेले डिझेल होय. त्याची सगळीच काजळी धुराड्यावाटे बाहेर पडत नाही. काही काजळी पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून तेलात मिसळते व तेल दाट होत जाते. उलटपक्षी, जादा फवारलेले कच्चे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन खाली नेते आणि तेल पातळ करते. एकाच चेंबरमध्ये ही दोन्ही कामे एकदम चालतात. टर्बो बसविलेला असल्यास उष्णतेची भर पडते. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि तो केवळ तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो.

तेलाच्या डब्यावर दोन खुणा पाहावयाच्या असतात. पहिली दाटपणाची. '१५डब्ल्यू-४०' यातील पहिला आकडा थंड इंजिनातील वाहतेपणा दाखवितो, व दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. दुसरी खूण दर्जाची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत डिझेल इंजिनाच्या तेलास 'सी' हे आद्याक्षर असते. सीएफ-४ हा जुना दर्जा, सीआय-४ हा २००२ सालचा आणि सीके-४ हा त्यानंतरचा. पुष्कळ शेतकरी पहिली खूण पाहतात व दुसरीकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक काजळी तेलात विखुरलेली ठेवण्याची ताकद दुसऱ्या खुणेवरून कळते.

साध्या यांत्रिक पंपाच्या, डिझेल वाढविलेल्या जुन्या इंजिनास १५डब्ल्यू-४० दाटपणाचे व सीआय-४ किंवा त्यावरील दर्जाचे तेल योग्य ठरते. स्वस्त म्हणून सीएफ-४ घालणे ही खोटी काटकसर होय. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकाच्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील अनेक गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. जळताना जास्त राख सोडणारे तेल घातल्यास ती राख गाळणीत साचते आणि ती जाळून घालविता येत नाही. म्हणून अशा गाडीस कमी राखेचे, पुस्तिकेत नमूद केलेल्याच दर्जाचे तेल घालावे. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० सांगितले असून उष्ण हवेसाठी ५डब्ल्यू-४० चीही मुभा दिलेली असेल, तर शक्ती वाढविलेल्या इंजिनास दुसरे घ्यावे. दर्जा मात्र तोच हवा. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात, तो मुळीच ऐकू नये. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे.

'तेल जितके दाट तितके इंजिन सुरक्षित' हा समज गावोगाव आढळतो. काही ठिकाणी तर गियरचे तेल चेंबरमध्ये ओतले जाते! फार दाट तेल पहाटेच्या गारव्यात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते आणि तेवढ्या अवधीत बेअरिंग कोरडे घासते.

तेल काळे झाले म्हणजे खराब झाले असेही नव्हे. चांगले तेल काजळी स्वतःत धरून ठेवते, म्हणून डिझेल इंजिनात ते लवकरच काळे होते. खरी परीक्षा टीपकागदावर करावी. इंजिन गरम असताना गेजपट्टीवरील एक थेंब टीपकागदावर टाकून तो काही तास आडवा ठेवावा. काळेपणा मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिका होत गेला असेल, तर तेलात अजून दम आहे. मध्ये गडद ठिपका व भोवती एकदम स्वच्छ कडा दिसल्यास तेलाची काजळी विखुरण्याची शक्ती संपली असे समजावे. गेजपट्टीवरील पातळी तेल न घालताच वाढली आणि डिझेलचा वास आला, तर नुसते तेल बदलून भागणार नाही. पंप व नोझल आधी तपासावयास हवेत. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे. गाडी चालवू नये.

शक्ती वाढविलेल्या इंजिनाचे तेल पुस्तिकेतील अंतराच्या निम्म्यावर, गाळणीसह बदलणे हितावह असते. घाट चढून आल्यावर टर्बो असलेले इंजिन लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे मंद गतीने चालू ठेवावे, नाहीतर थांबलेल्या टर्बोत तेल जळून कोळसा होतो.

हे सारे ट्रॅक्टरलाही लागू आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराची कडक मानके लागू झाली आहेत. त्यांच्या तेलाचा दर्जा दुकानदारास न विचारता पुस्तिकेत पाहावा.

काढलेले तेल विहिरीजवळ वा बांधावर ओतू नये. जनावरांच्या खरजेवर ते चोळण्याची प्रथा काही भागांत आहे. त्यात धातूंचे कण व विषारी द्रव्ये असतात आणि जनावर ते चाटते. ग्रामसेवकांनी असे आढळल्यास पशुवैद्यकाकडे जाण्यास सांगावे. जळके तेल झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृतपणे ते गोळा करणाऱ्यांकडेच द्यावे. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.